देव्हाऱ्यातला अमोनाइट

अरियलूरजवळ मामाच्या शेतात सौम्याला वेटोळ्याचा काळा दगड सापडला. तो बंगळूरला आणताच अक्कानं, म्हणजे तिच्या आत्यानं, शाळिग्राम समजून देव्हाऱ्यात बसवला. सौम्याला तो उद्या शाळेच्या प्रदर्शनात मांडायचा होता, पण अक्का हात लावू देईना. शेवटी सौम्यानं शेजारच्या अप्पासाहेबांना आणलं. जन्मभर दगड तपासलेले अप्पासाहेब आधी आंघोळ करून आले, मगच त्यांनी भिंग धरलं.

"अमोनाइट! कोट्यवधी वर्षांपूर्वी हा शंखवाला जीव समुद्रात पोहायचा, आता त्याचा दगड झालाय."

"म्हणजे माझा देव खोटा?" अक्का गुरगुरली.

"छे हो, अक्का! शाळिग्रामातही बहुधा हाच असतो."

अक्का खुलली. "सरी, बरं तर! एवढा समुद्र पोहलेल्याला एक दिवस शाळेत काय होतंय? पण स्वल्प थांब, नैवेद्य दाखवते."

सौम्यानं जागीच उडी मारली.