नवऱ्याने पूर्ण केलेलं चित्र

निवड समितीच्या साहेबांनो, एका आईचं चित्र तुम्ही पुसलंत. ब्रश दुसऱ्याच्या हातात होता, पण म्हणून तुमचे हात स्वच्छ ठरत नाहीत. पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात काय टांगायचं आणि काय परत धाडायचं हे दरवर्षी तुम्ही खुर्चीत बसून ठरवता. सरकारी चित्रशाळेत बाईला शिकायला पाऊल ठेवू देत नाही आणि वर म्हणता, बायकांना चित्र पुरं करता येत नाही! तुम्ही काय केलंत ते आता ऐका.

जूनमधली सकाळ होती. पॅरिसबाहेर म्यूदाँच्या चढावरच्या घरातून ओर्तांस अर्धी कॉफी टाकून बागेत आली होती, कारण चेस्टनटच्या झाडाच्या पानांतून उतरणारं ऊन कुणासाठी थांबत नाही. डोळ्याला त्या क्षणी दिसतं तेच रंगवणाऱ्या ज्या चित्रकारांना पेपरवाले इंप्रेशनिस्ट म्हणून हिणवायचे, त्यांच्यातली ही एक. वेताच्या खुर्चीत तिची एकुलती एक लेक सिदोनी बसली होती. चौदा वर्षांची, छातीच्या दुखण्याने वाळलेली, पण तोंडाने आणि हाताने अखंड चालू.

"सिदोनी, हात."

"राहू दे ना, आई. हात थांबला की मला बोलता येत नाही. बाबांच्या चित्रातल्या राण्यांचं बरंय. पाचशे वर्षं झाली, एकीलाही शिंक आली नाही."

ओर्तांस हसली. तिने तो हात हलताना डोळ्याला दिसतो तसाच ठेवला. चार-पाच फटकारे, मधून कोरा कॅनव्हास.

मोलकरीण पेरीन पायरीवर वाटाणे सोलत होती. तिने मान लांब करून बघितलं. "अगंबाई! बाईसाहेब, पोरीचा गाल हिरवा केलात? कोबी आहे का ती?"

"पानांची सावली आहे, पेरीन. नीट बघ. हिरवीच आहे."

"मला आपली पोर दिसते. तुम्हाला काय काय दिसतं, देव जाणे."

"कोबी तर कोबी," सिदोनी म्हणाली. "पण आई, मोठ्या प्रदर्शनात लाव हं मला. सगळं पॅरिस येऊन बघू दे. मी कुठे जाणारेय तिकडे?" हसता हसता तिला ढास लागली. ओर्तांसने ब्रश गवतात टाकला आणि तिची पाठ धरली.

संध्याकाळी नवरा आला. अनातोल. राण्या आणि लढाया रंगवणारा, तुमच्या मर्जीतला चित्रकार. बराच वेळ बघत राहिला. "चांगलं आहे. पुरं कधी करणार? हाताला बोटं नाहीत, सावलीत काळा नाही."

"झालंय पुरं."

"त्या इंप्रेशनिस्ट टोळक्याने तुला बिघडवलं," तो मायेनेच म्हणाला.

ऑक्टोबरात सिदोनी गेली. घरात तिचा एक फोटो होता, त्यात हलू नये म्हणून लोखंडी आधारात मान अडकवलेलं कुणीतरी घाबरलेलं पोर होतं. सिदोनी उरली ती त्या चित्रात.

वसंत आला तसा ओर्तांसने लेकीचा शब्द राखला आणि चित्र तुमच्याकडे पाठवलं. तुम्ही परत केलंत. कारण, अपूर्ण. तुमच्यातला एक जण म्हणाला, "बाईंचं सूप करपलं असेल, उठून गेल्या." बाकीचे पोट धरून हसलात.

पुढच्या हिवाळ्यात ओर्तांसची तब्येत ढासळली. बहिणीकडे, समुद्राकाठी, तिला धाडलं. मागे अनातोल एकटा. त्याला राक्षस समजू नका, लेक त्याचीही गेली होती. पण माया म्हणजे चूक दुरुस्त करणं, एवढंच तो शिकला होता. त्याने तिच्या चित्रावर ब्रश चालवला, एकेक बोट रेखून तो हात मांडीवर नीट ठेवला. गालावरचा हिरवा झाकला, मेणासारखा गुलाबी चढवला. झाडामागे तपकिरी अंधार भरला. वरून वार्निश. आणि कोपऱ्यात स्वतःचं नाव, कारण बायकोच्या नावाने ते पुन्हा परत आलं असतं.

तुम्ही ते घेतलंत. बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, मानाच्या जागी लावलंत. पदक दिलंत. सरकारने दक्षिणेतल्या कुठल्याशा नगरभवनासाठी विकतही घेतलं.

उद्घाटनाच्या दिवशी अनातोल ओर्तांसचा हात धरून तिला गर्दीतून घेऊन गेला. चित्रापुढे बायका डोळे टिपत होत्या. ओर्तांसने बघितलं. बघतच राहिली.

"ही कोण?" तिने विचारलं.

"अगं, आपली सिदोनी!" त्याने चित्राकडे बोट दाखवलं. "तिला हवं होतं ना? बघ, सगळं पॅरिस आलंय. तुझं अर्धं राहिलं होतं, मी पुरं केलं."

"अर्धं नव्हतं, अनातोल. ती कधी एका जागी बसायचीच नाही."

त्याला आत्ता कुठे काहीतरी उमगलं असावं. "खरवडून निघेल," तो पुटपुटला. ओर्तांसने नाही म्हणून मान हलवली. वरचा थर काढायला गेलं की खालची लेकही निघून येईल, हे दोघांनाही कळत होतं.

ती तडक तुमच्या अधिकाऱ्याच्या टेबलाशी गेली. "ते चित्र उतरवा. माझं आहे."

"बाई, त्यावर तुमच्या यजमानांचं नाव आहे."

"तेच सांगतेय."

"मग त्यांची लेखी संमती आणा. कायदाच आहे तसा." त्याने उठून तिला खुर्ची दिली. "आणि अभिनंदन हं. मुलगी अगदी जिवंत वाटते."

अनातोलने संमती दिली नाही. "सरकारने घेतलंय गं. आता माझी काय अब्रू राहील?"

त्या आठवड्यात घरी पदकाची मेजवानी झाली. ओर्तांसला यजमानीणबाईच्या खुर्चीत बसायचं होतं. ती बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "ते चित्र मी काढलं होतं. माझी मुलगी त्यात होती. आता नाही." एका पाहुण्याने अनातोलच्या खांद्यावर थोपटलं. "दुःखाने डोकं फिरलंय बिचारीचं."

साहेबांनो, तिचं डोकं ठिकाणावर आहे. तेच चित्र तुमच्यापुढे दोनदा आलं. पहिल्यांदा त्यात एक मुलगी होती, तिला तुम्ही हाकललंत. दुसऱ्यांदा त्यात कुणीच नव्हतं, त्याला पदक दिलंत. दोन्ही वेळा नेमकं काय बघितलंत? ओर्तांस रोज सकाळी तुमच्या कचेरीच्या दारात उभी राहते आणि तुम्ही मागच्या दाराने निघून जाता. आज पुढच्या दाराने या. तिच्या तोंडाकडे बघा आणि सांगा, तिची लेक तिच्यापासून दुसऱ्यांदा का नेलीत?