चार तासांचा खेळ

कालिंदीने पाऊच टेबलावर पालथा केला, तेव्हा छोट्या स्क्रू ड्रायव्हरच्या मागोमाग नखाएवढी एक हिरवी पट्टी बाहेर पडली. स्क्रू ड्रायव्हर हवा होता श्रुतीच्या चष्म्यासाठी. त्याची दांडी सकाळपासून लोंबत होती. कालिंदीने चष्मा हातात घेतला, स्क्रूवर टोक टेकवलं आणि तिचा हात तसाच थांबला.

"काय गं?" श्रुतीने विचारलं.

कालिंदीने पट्टी उजेडात धरली. कोपऱ्यात तिने स्वतः बसवलेला रेझिस्टर, त्याच्याशेजारी तिच्याच हातचा जरा ओबडधोबड डाग. ही पट्टी न्यू टाउनमधल्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये असायचं काही कारणच नव्हतं. ती डमडमला, बाबांच्या हातातल्या व्हिडिओ गेमच्या पोटात, त्याचा सेल चार्ज करत असायला हवी होती.

"म्हणजे तिथे दुसरी बसलीय," ती म्हणाली.

दुसरी म्हणजे बाजारातून आणली तशीच, हात न लावलेली. दिसायला दोघी जुळ्या. पण एक सेलला सोसेल तेवढाच करंट सावकाश देणारी, आणि दुसरी सेल लहान आहे की मोठा याची चौकशी न करता दुपटीने ओतणारी. अशाने सेल तापतो, फुगतो, आणि फुगलेला सेल पुढे काय करेल याचा नेम नसतो. दोन रविवारांपूर्वी कालिंदीने दोन्ही पट्ट्या जेवणाच्या टेबलावर मुद्दाम लांब लांब ठेवल्या होत्या. पण आईला पानं घ्यायची होती. जेवायच्या वेळी टेबलावर फक्त जेवण असावं हा सुहासिनीबाईंचा चाळीस वर्षांचा कायदा. बाकी जे काही सापडेल ते एका वाटीत जमा. जेवण झाल्यावर कालिंदीने वाटीतली एक पट्टी उचलली, बसवली आणि झाकण लावलं. पोट भरलेलं, डोळ्यांवर झापड. तपासायचं राहिलं.

गेम तसा जुना. कालिंदी आठवीत असताना बाबांनीच आणलेला, हातात मावणारा, वरून ठोकळे पडतात आणि ते बसवत जायचं असा. तो माळ्यावरून खाली आला तो यंदाच्या जानेवारीत. बाबांचं, म्हणजे जयप्रकाशांचं, डायलिसिस सुरू झालं होतं. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास. उभा जन्म दुसऱ्यांच्या वायरिंगमधल्या चुका काढण्यात घालवलेला हा सरकारी विद्युत निरीक्षक एका जागी दहा मिनिटं बसायचा नाही. दोनदा त्यांनी दोन तासांतच "पुरे झालं, काढा" म्हणून सुया काढायला लावल्या. कोणाचं ऐकतील तर शपथ. तिसऱ्यांदाही तेच केलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे छातीत पाणी भरून श्वास कोंडला. आठ दिवस इस्पितळात काढले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "चार तास. एक मिनिट कमी नाही. पुढच्या वेळी मी काही करू शकणार नाही."

मग हा गेम. बाबांना त्याचा मंद पडदा दिसेना, म्हणून कालिंदीने उजेडाचा नवा पडदा बसवला. पडदा झकास दिसू लागला आणि सेल मात्र भसाभस संपू लागले. पूर्वी दोन पेन्सिल सेलवर आठवडा निघायचा, आता तीन तासांचीही मारामार. म्हणून चार्ज होणारा सेल, म्हणून ती पट्टी. एकेक दुरुस्ती पुढच्या दुखण्याला आवतण देत आली होती. पण त्या रविवारनंतर आईचा फोन आला, "बसले गं, पूर्ण चार तास! मान वर केली नाही." पुण्याच्या बदलीचं पत्र कालिंदी महिनाभर ड्रॉवरमध्ये दाबून बसली होती. बॅटरी चार तास चालली की जाईन, असं तिने बाबांना सांगितलं होतं. ती चालली. येत्या रविवारचं तिकीट काढून झालं होतं.

आज गुरुवार. साडेबारा वाजले होते. बाबा अकरापासून मशीनवर असणार.

आईचा फोन वाजत राहिला. तो नेहमीप्रमाणे लोकरीच्या पिशवीत, आणि ती पिशवी पर्सच्या तळाशी. सुहासिनीबाई घरातल्या प्रत्येक वस्तूला क्रोशाचं कव्हर विणतात. मिक्सरला आहे, रिमोटला आहे, गेमलाही आहे, पिवळं, चांगलं जाड. म्हणजे तापलेल्या सेलवर लोकरीचं पांघरूण. आणि चार्जिंगला लावायचा कुठे, तर देवघरात, कारण इन्व्हर्टरचा पॉइंट तिथेच आणि महत्त्वाची वस्तू देवापुढे ठेवायची सवय. शेजारी कापसाच्या वाती, कापराची डबी, तुपाचं निरांजन. अकरा दिवस हे सगळं एकाच फळीवर सुखाने नांदलं होतं, ही देवाचीच कृपा म्हणायची. पण आज तो सेल बाबांच्या पोटावर होता, आणि बाबांच्या एका हातात सुया होत्या. गेम पेटला तर त्या माणसाला उठून बाजूलाही होता येणार नव्हतं.

तिने सेंटरला फोन लावला. रिसेप्शनवरच्या मुलीने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि ती हसून बंगालीत म्हणाली, "मेशोमोशाई तो खेलछेन, दीदी. एकदम भालो आछेन."

"खेळतायत ते कळलं," कालिंदी तुटक्या बंगालीत म्हणाली. "पण ते हातातून काढून घ्या. ते तापलंय का, बघा."

"आत आता पाळी बदलतेय, मला जाता येणार नाही. सिस्टरला निरोप देते. पण दीदी, ते काढून घेतलं तर काका बसतील का?"

कालिंदीने फोन ठेवला आणि स्क्रू ड्रायव्हर पाऊचमध्ये कोंबला. श्रुतीचा चष्मा तसाच टाकून ती लिफ्टकडे पळाली.

चिनार पार्कच्या सिग्नलला टॅक्सी अडली ती अडलीच. कालिंदीने पुन्हा आईला फोन केला. पुन्हा सेंटरला केला. आता कोणी उचलेना. पुढे बसच्या मागे बस, मध्ये एक बॅटरीची टोटो रिक्षा आडवी. ड्रायव्हर खिडकीबाहेर हात काढून कोणाशी तरी वाद घालत होता. आपल्याच हातांनी आपण बाबांच्या पोटावर निखारा ठेवला, हे तिला राहून राहून वाटत होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे तो ठेवून आपण पुण्याला निघालो होतो. जेशोर रोडला लागेपर्यंत तिने त्या हिरव्या पट्टीची कड नखाने कुरतडून खडबडीत केली.

पावणेदोनला ती सेंटरच्या पायऱ्या चढली. जळका वास नव्हता. धावपळ नव्हती. काचेबाहेरच्या बाकावर आई निवांत बसून काहीतरी जांभळं विणत होती.

"तू? आज? ऑफिस नाही?"

"आई, बाबा कसे आहेत?"

"बघ की." आईने क्रोशाच्या सुईने काचेकडे दाखवलं. "अकरापासून मान खाली. आवाजसुद्धा बंद ठेवतात, शेजारच्याला त्रास नको म्हणून. जित्याची खोड म्हणायचे लोक. तुझ्या त्या खेळण्याने घालवली बाई."

काचेपलीकडे तिसऱ्या खाटेवर जयप्रकाश टेकून बसले होते. डावा हात उशीवर सरळ, त्यातून लाल नळ्या निघालेल्या. उजव्या हातात, पोटाशी धरलेला, पिवळ्या कव्हरातला गेम. अंगठा चालू होता. डावीकडे, डावीकडे, खाली.

पायांत निळ्या पिशव्या चढवून कालिंदी आत गेली. मानसी सिस्टर काही म्हणायच्या आत ती खाटेशी पोचली होती. तिने आधी कव्हराखाली हात घातला.

गेम थंड होता. तापून निवलेला नव्हे. टेबलावर पडलेल्या चमच्यासारखा थंड. पाठीवरचं झाकण एका बाजूने जरासं वर आलं होतं. आणि पडदा काळा होता.

बाबांचा अंगठा अजून हलत होता. त्यांनी वर पाहिलं, तिला ओळखलं, तरी अंगठा थांबला नाही.

"बाबा, हा बंद आहे."

"हळू बोल. ती बघतेय."

कालिंदीने मागे पाहिलं नाही. स्टूल ओढून ती काचेकडे पाठ करून बसली.

"कधीपासून?"

"तू बसवून गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. त्या रात्री देवापुढे गेलो तर कापराच्या डबीचं प्लॅस्टिक मऊ झालेलं. हाताला चटका बसला." ते क्षणभर निरीक्षकाच्या आवाजात बोलले. "चार्जिंगची पट्टी चुकलीय तुझी. करंट जास्त जातोय."

"हो. माझ्या लक्षात आजच आलं." तिने पट्टी काढून त्यांच्यापुढे धरली. "मग आई रोज लावते ते?"

"ती लावते. मी निरांजन लावायला जातो तेव्हा भिंतीवरचं बटण बंद करतो. सकाळी ती काढते. उरलेलं दुसऱ्या दिवशी अर्धा तास चाललं, मग संपलं."

अकरा दिवस. कालिंदीने मनात हिशेब मांडला. आजची धरून पाच वेळा चार-चार तास हा माणूस काळ्या काचेवर अंगठा फिरवत बसला होता. दहा मिनिटं एका जागी न बसणारा माणूस.

"मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तू तिकीट काढलं असतंस?"

मशीन हळू आवाजात फिरत राहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही, कारण पाठीमागून आईला हात वर गेलेला दिसला असता.

"मी रद्द करते ते."

"कशाला? मला बसता येतं, हे तुला बघायचं होतं ना? मग बघ. एक तास बारा मिनिटं राहिलीत." त्यांनी घड्याळाकडे पाहिलंही नाही. "पहिले दोन दिवस जीव नको झाला. मग ठोकळे आपोआप दिसायला लागले."

"आणि आईला तरी सांगा."

"तिला काय सांगू? हा अंगठा थांबला की ती उठून काचेशी येते. मग तिचं विणणं थांबतं, रात्रीचं जेवण थांबतं." त्यांनी पुन्हा डावीकडे, डावीकडे, खाली केलं. "हातात काहीतरी लागतं, कालिंदी. चालू असो, बंद असो."

कालिंदीने पाऊचमधून स्क्रू ड्रायव्हर काढला. गेम मांडीवर घेऊन कव्हर उतरवलं आणि एकामागून एक सहा स्क्रू काढले. आत सेल फुगून उशीसारखा झाला होता. त्यात आता जीव नव्हता, त्यामुळे भय नव्हतं, पण तो बाबांच्या पोटावर तिला आणखी एक क्षण नको होता. तिने जोड सोडवला, सेल रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. चुकलेली पट्टीही काढली. दुसरी, बरोबर असलेली, तिने हातात घेतली, जरा वेळ पाहिली आणि पाऊचमध्ये परत टाकली. नवा सेल इथे नव्हताच. मग तिने झाकण लावलं, सहाही स्क्रू नीट घट्ट केले, पिवळं कव्हर चढवलं आणि गेम बाबांच्या हातात दिला.

त्यांनी तो तळहातावर जोखला.

"हलका झाला."

"हो."

काचेवर टकटक झाली. कालिंदीने मागे वळून पाहिलं. आई उभी होती, काखेत जांभळं विणकाम, भुवया वर. झालं दुरुस्त? असं तिने हातानेच विचारलं.

कालिंदीने मान हलवली. झालं.

आईने कपाळाला हात लावून देवाला नमस्कार केला आणि ती बाकावर जाऊन बसली. कालिंदीने स्टूल आणखी पुढे ओढलं, बाबांच्या खांद्याशी वाकली आणि त्या काळ्या काचेत डोळे घातले.

"बाबा, तो लांबडा येतोय," ती म्हणाली. "डावीकडे घ्या."

त्यांनी तो डावीकडे घेतला.