दुपारचं पाणी

छोटी पंचेचाळीस वर्षांची होती, पण घरात आणि कामावर सगळे तिला छोटीच म्हणत. दादा तिच्याहून आठ वर्षांनी मोठा होता आणि ते तो कुणाला विसरू देत नसे.

खाडीच्या काठावर दोघांची कालवांची पैदास चाले. एक लांबलचक शेड, पाच गोल टाक्या, खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक. टाकीत कालवांनी अंडी सोडली की त्यातून मिरपुडीसारखी बारीक पिल्लं निघत. ती तीन-चार आठवडे सांभाळायची आणि कशाला तरी चिकटून बसू लागली की खाडीत कालवं वाढवणाऱ्यांकडे पाठवायची. पिल्लं छोटीची, पंप दादाचा, अशी वाटणी होती. दादा पहाटे पाचला पंप सुरू करून खाडीचं पाणी आत घेई आणि दिवसाला एक टाकी भरे. बावीस वर्षांत आपण एकदाही उशीर केला नाही, हे तो नव्या माणसाला चहा यायच्या आत सांगून मोकळा होई.

पण सलग दोन हंगाम पिल्लं मेली. पहिल्या दिवशी टाकीत ढगासारखी तरंगायची आणि तिसऱ्या दिवशी तळाला नुसता करडा गाळ. छोटीनं टाक्या घासल्या, गाळण्या बदलल्या, पिल्लांच्या खाण्याचं शेवाळ नव्यानं वाढवलं. काही उपयोग झाला नाही. दादाचं म्हणणं, हिचा हात जड पडतो. छोटीचं म्हणणं, ह्याचे पाइप कुजलेत. शेवटी शेवटी जेवताना दोघं मीठसुद्धा वहिनीमार्फत मागू लागली.

वहिनी त्याला कंटाळली. खाडीच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या एका बाई अधूनमधून धक्क्यावर दिसायच्या, त्यांना ती सरळ शेडवर घेऊन आली. बाईंनी पाण्यात मीटर बुडवला आणि पाणी नेहमीपेक्षा आम्ल झाल्याचं सांगितलं. दादानं बोट बुडवून चाटलं आणि खारटच आहे की, असा निकाल दिला.

बाईंनी समजावलं की हे जिभेला कळायचं नाही, पिल्लांना मात्र कळतं. आपण कोळसा आणि तेल जाळतो, त्याचा कार्बन वायू होऊन हवेत जातो, आणि त्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र पिऊन टाकतो. तो पाण्यात मुरला की शिंपला बांधायचा माल कमी पडतो. पिल्लू पहिला शिंपला एक-दोन दिवसांत बांधतं. तेवढ्यात माल हाताशी नसेल तर बिचाऱ्याचा जीव त्या खटपटीतच जातो.

छोटीला मनातून हायसं वाटलं. निदान हात तरी जड नव्हता.

पुढच्या खेपेला बाईंच्या सांगण्यावरून तिनं प्रत्येक टाकीवर वेगळी नजर ठेवली. चार टाक्यांतली पिल्लं नेहमीसारखीच तळाला बसली. पाचवी टाकी मात्र जगली. तिसऱ्या दिवशी छोटीनं तिचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर पारदर्शक, अर्ध्या चंद्रासारख्या नेमक्या आकाराचे शिंपले गरगर फिरत होते. तिनं तीनदा थेंब बदलून पाहिला. मग वहिनीला हाक मारली आणि दोघी खुर्चीसाठी भांडत आळीपाळीनं बघत राहिल्या.

या टाकीत वेगळं काय झालं, हे बाईंनी खोदून खोदून विचारलं. खाणं तेच, गाळणी तीच, अंडीही त्याच कालवांची. दादा दाराशी उभा राहून पाना पुसत होता. पाना केव्हाच लख्ख झाला होता.

"दादा, तुला काही माहीत आहे का?" छोटीनं विचारलं.

"त्या टाकीचं पाणी पहाटेचं नव्हतं," तो खाली बघत म्हणाला. "आदल्या दिवशी दाढ काढली ना. रात्री गोळी घेऊन झोपलो तो दुपारीच उठलो. तीन वाजता भरली टाकी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"बावीस वर्षांत पहिल्यांदा उशीर झाला. काय तोंडानं सांगू?"

वहिनी हसू दाबत, तोंडाला पदर लावून बाहेर गेली. बाई मात्र उभ्याच राहिल्या. खाडीच्या उथळ पाण्यात गवत आणि शेवाळ आहे, त्या म्हणाल्या. रात्रभर ते नुसता श्वास सोडतं, त्यातला कार्बन पाण्यात साठतो, म्हणून पहाटेचं पाणी सर्वांत आम्ल असतं. ऊन पडलं की तेच गवत पाण्यातला कार्बन ओढून घेतं आणि दुपारपर्यंत पाण्याचं आम्लपण बरंच उतरतं.

याची खात्री करायचं काम दादानं मागून घेतलं. दिवसभर तो दर तासाला मीटर घेऊन धक्क्यावर जाई आणि आकडा मोठ्यानं ओरडून सांगे. सकाळी आवाज पडेल होता, तीन वाजता तो पलीकडच्या काठावर ऐकू गेला असेल.

तेव्हापासून पंप दुपारी चालतो. त्या हंगामात पाचांपैकी चार टाक्या जगल्या, आणि मीठ थेट मागितलं जाऊ लागलं. बाईंनी मात्र बजावून ठेवलं, की धूर असाच वाढत राहिला तर काही वर्षांनी दुपारही पुरायची नाही. ते ऐकून छोटी गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तिनं कालवं वाढवणाऱ्या सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं, सूक्ष्मदर्शकातून मेलेली आणि जगलेली पिल्लं शेजारीशेजारी दाखवली. ओहोटी बघून एक दिवस ठरला, आणि वीस-बावीस माणसं उघड्या पडलेल्या पट्ट्यात कार्बन ओढून घेणारं समुद्रगवत लावायला उतरली.

दादाला ओळी सरळ हव्या होत्या. तो दोरी धरून सूचना देत मागे मागे सरकत गेला आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला. छोटीनं एक हात धरला, वहिनीनं दुसरा. ओढता ओढता तिघंही बदकन बसली. सगळा काठ हसत होता. भरती यायला अजून तासभर होता, म्हणून ती तिथेच बसून हाताला येईल तेवढं गवत लावत राहिली.