हाक मारून थांबणारी फाइल

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, माझ्यावर धूळही बसत नाही. तरी मी जुनी झाले आहे. मी सिद्धगडाच्या बाजूच्या एका आरोग्य केंद्राची एक्सेल फाइल आहे.

केंद्रात संगणकाचे काम पाहणाऱ्या मनालीताईंनी मला तयार केले. डोंगरातल्या प्रत्येक वाडीची वेगळी फाइल होती. तिथल्या सिस्टर ती भरत आणि त्या साऱ्या फाइल्स लिंकने मला जोडलेल्या होत्या. कोणत्या वाडीतली बाई कधी बाळंत होणार, हे सकाळी मला उघडले की दिसे. मग केंद्राची गाडी आधीच तिकडे जाई. डॉक्टर म्हणत, "ही फाइल नसती तर आपलं कठीण होतं." ते ऐकून मला फार बरे वाटे.

पुढे मनालीताईंची शहापूरला बदली झाली. केंद्रात नवा संगणक आला. आम्हाला त्यात उतरवले आणि जुना संगणक अडगळीत गेला. माझ्या लिंक मात्र त्या जुन्या संगणकाकडेच जात राहिल्या. मला उघडले की मी एकेका वाडीला तिथे हाक मारी आणि उत्तरासाठी थांबे. उत्तर येत नसे. पडद्यावर नुसते चक्र फिरे. वाड्यांच्या फाइल्स माझ्या शेजारच्याच फोल्डरमध्ये होत्या, पण ते मला कोण सांगणार?

"ही तर हँगच होते," असे म्हणत त्यांच्या जागी आलेल्या रविनाताईंनी मला उघडणेच सोडले. मी एकटी पडले.

एका दुपारी डोंगरातल्या एका वाडीतला बुधू धापा टाकत केंद्रात शिरला. त्याची बायको रखमी हिचे दिवस भरले होते.

"बाई, सिस्टर बोलली गाडी येल. आमी सकाळपासून वाट बघतोय, गाडी आली नाय! रखमीला झोळीत घालून निघालो, ती वाटेतच बाळंत झाली. रगत थांबत नाय. चला ना!"

गाडी धावली. रखमी वाचली, तिची मुलगीही वाचली. रखमीचे नाव वाडीच्या फाइलमध्ये होते. माझ्यापर्यंत ते पोहोचलेच नव्हते.

रविनाताईंनी मला पुन्हा उघडले, पण चक्र फिरतच राहिले. मग त्यांनी मनालीताईंना फोन लावला.

"एक्सेलमधलं 'एडिट लिंक्स' उघड गो," मनालीताई म्हणाल्या. "ती वाड्यांच्या फाइल्स कुठं शोधतेय ते बघ."

"अगं बाई, जुन्या कम्प्युटरवर शोधतेय ही!"

"मग पत्ता बदल. एकेक करून."

एकेक वाडी मला परत भेटली. एकीची फाइल मात्र सापडली नाही. उतरवताना ती राहून गेली होती आणि जुना संगणक आता सुरू होईना.

"ती लिंक तोडून टाक," मनालीताई हळू आवाजात म्हणाल्या. "नायतर ही तिच्यासाठी थांबतच राहील."

लिंक तुटली. त्या वाडीची नवी फाइल केली, ती मला जोडलीही. पण जुनीचे शेवटचे आकडे माझ्यात तसेच आहेत. ते आता कधीच बदलत नाहीत.

मी आता चटकन उघडते. गाडी वेळेवर निघते. काम झाले की मला चटकन बंदही करतात.

मित्रांनो, एखादी फाइल हलवाल तेव्हा तिला कोण कोण जोडलेले आहे, ते आधी पाहा. आणि कोणी संथ झाले, तर त्याला सोडून देण्याआधी एकदा जवळ बसून विचारा, "तू कोणाची वाट पाहतो आहेस?"