वाढणारे चुकले

आमच्या पुष्करला काडीची रीत नाही. नातू लंडनला शिकला, तिथल्याच लोकांच्या चार पैशांत इंग्रजी विनोदी पिक्चर काढलं, तेही माझ्या लालबागच्या खानावळीवर. पण त्यात माझं काम कोण करणार, हे आजीला विचारावं? नाव नको! बजेट नाही म्हणे, म्हणून ओळखीतली आकांक्षा धरून आणली. फुंकर मारली तर शिवडीला जाऊन पडेल. आणि आमच्या ह्यांच्या जागी हितेंद्र. हे गिरणीतून यायचे ते सुक्या बोंबलासारखे. त्याचा नुसता दंड ह्यांच्या कमरेएवढा.

परवा चाळीच्या पटांगणात पडदा लावला. पुष्कर माझ्या कानाशी लागला, "आजी, तू हसली नाहीस तर मी हा धंदा सोडतो. बँकेत चिकटतो."

झालं! मी पदर सावरून हसायच्या तयारीला लागले.

पडद्यावर आकांक्षा एकेका गिरणीवाल्यापुढे वाकून पुसते, "मोअर राइस, प्लीज?" अगो बाये! खानावळवाली विचारते कधी? ताट बघायचं आणि घालायचं. विचारलं की माणूस लाजतो आणि अर्धपोटी पाळीला जातो. मग हितेंद्र भुकेने रडला. माझ्या बाजूला बसलेली शेजारची मेघना म्हणते, "ह्याने एकट्याने वीस जणांचं खाल्लंय, मग रडतो कशाला?"

विनोदाला कोणी हसेना. मी बळेच तोंड उघडलं, तर जांभई आली.

तेवढ्यात पडद्यावरच्या पंगतीत आमचा पहिल्या मजल्यावरचा स्टॅनली दिसला. शूटिंगला माणूस कमी पडला म्हणून बसवलेला. आकांक्षा म्हणते, "मोअर राइस?" हा म्हणतो, "नो, नो." आणि बाजूने एक दांडगी बाई घुसते, टोप हिसकावते, ताटात भाताचा डोंगर करते. "नो नो काय करतोस मेल्या? पोट शिवून आलायस? गीळ!"

ती मी! शूटिंग बघायला गेलेले, त्या दिवशी मला राहवलंच नव्हतं. वाटलेलं, कापून टाकलं असेल.

चाळ हसून हसून फुटली. पुढच्या रांगेतला स्टॅनली खुर्चीसकट आडवा. पोरं शिट्ट्या मारून "परत लावा, परत लावा!" मी एवढी हसले की कवळी पदरात पडली.

पुष्करचं तोंड मात्र एवढंसं. "आजी, ही तर दोन मिनिटं. बाकीच्या पिक्चरचं काय?"

मी कवळी बसवली आणि सगळ्यांदेखत सांगितलं,

"कालवण तुझं फक्कड आहे रे, वाढणारे चुकले. धंदा नको सोडू मेल्या, हिरो-हिरॉईन सोड!"