सिएनीच्या नावाचा कागद

शनिवारी सकाळी लांगी चुलीच्या झोपडीपुढे नारळ खवत बसली होती. तेवढ्यात दवाखान्यातली नर्स माकेरिता आली आणि सून सिएनी बसली होती तिकडे थेट गेली. सिएनीला सातवा महिना होता. माकेरिताने तिच्या पापण्या ओढून पाहिल्या, बोटाला सुई टोचली आणि आकडा पाहून तिचा चेहराच उतरला.

"लांगीमावशी, हिच्या अंगात रक्तच नाही हो. हिमोग्लोबिन फक्त सात भरलंय. खाते काय ही?"

"खाते की! अळूचे कंद काय कमी आहेत घरात?"

"कंदाने पोट भरतं, रक्त नाही भरत. पोटुशी बाईला दिवसाला सत्तावीस मिलिग्रॅम लोह लागतं. हिला त्याच्या निम्मंसुद्धा मिळत नसेल. गोळ्या दिल्या की ही ओकते. आता खाण्यावरच सगळी भिस्त."

तिने कागदावर सिएनीचं नाव घातलं आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं: अळूची पानं, मासळी, अंडी, कलेजी, वर पपई. रोज.

"आमच्याकडे कशाचा तोटा नाही," लांगी म्हणाली, आणि ते खरंच होतं. परसात अळू माजलं होतं, कोंबड्या होत्या, डुकरं होती, मुलगा पेनिआमिना रोज समुद्रावर जात होता. कागद तिने जपून बायबलात ठेवला.

लांगी दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर बरं झालं असतं, निदान कुणीतरी तिला अडवलं असतं. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर तिने तो कागद दोनदा वाचला. सगळ्यांत चांगलं अन्न कोणतं, याची शिकलेल्या बाईने करून दिलेली यादीच तिच्या हाती आली होती. आणि चांगलं अन्न आधी कुठे जातं, हे सवाईई बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ते चर्चच्या पाळकसाहेबांच्या ताटात जातं. मग घरच्या म्हाताऱ्यांच्या, मग लेकरांच्या. नवऱ्याच्या घरी नांदायला आलेल्या बाईने सगळ्यांत शेवटी, मागे चुलीपाशी, उरलंसुरलं खायचं. लांगीनेही वीस वर्षं तेच खाल्लं होतं. तीन बाळं पुरली होती, पण ती गोष्ट तिने त्या जेवणाशी कधी जोडली नव्हती.

रविवारी पहाटे सिएनीनेच रांधायचे दगड तापवले. अळूच्या पानांत नारळाचं दूध बांधलं, मासे भाजले, कलेजी परतली. लांगी कागद हातात धरून एकेक जिन्नस ताटात मांडत होती.

"आई, पानांची एक पुडी मागे ठेवू का? माकेरिताताई म्हणाली होती..."

"अगं, आधी त्यांचं होऊ दे. ताट परत आलं की खा ना, कोण नको म्हणतंय?"

ताट परत आलं तेव्हा त्यात माशाचा काटा होता आणि पपईच्या साली होत्या. सिएनीने कंद रश्श्यात बुडवून खाल्ले. असे सात रविवार गेले. आठवड्यातल्या मासळीचं नि अंड्यांचं तेच, फक्त ताट म्हाताऱ्यांचं. पेनिआमिनाला सगळं दिसत होतं. पण वडीलधाऱ्यांपुढे बायकोची बाजू घेणारा मुलगा त्या गावात अजून जन्मायचा होता. पाळकसाहेबांनी भर उपासनेत लांगीच्या हाताची स्तुती केली आणि तिला आभाळ ठेंगणं झालं. कलेजी नि मासळी खाऊन साहेबांचा पाय मात्र सुजला. त्यांचा सांधेदुखीचा जुना आजार उसळला. गावाने त्यांच्यासाठी प्रार्थना केली. सिएनीला विहिरीपर्यंत जाताना दोनदा खाली बसावं लागे, त्यासाठी कुणी केली नाही.

आठव्या आठवड्यात, भर दुपारी, ती बाळंत झाली. मुलगी झाली, सशाएवढी, पण रडली. रक्त फार गेलं असं नव्हे. माकेरिता म्हणाली, दुसऱ्या बाईने ते सहज सोसलं असतं. सिएनीपाशी घालवायला रक्तच नव्हतं. गाडी दवाखान्याच्या फाटकाशी पोचायच्या आत ती गेली.

"कागद कुठाय मी दिलेला?" माकेरिताने विचारलं.

लांगीने तो बायबलातून काढला. त्यावर नारळाच्या दुधाचे डाग होते. "यातलं एकही चुकवलं नाही गं मी. दर रविवारी सगळं केलं. देवाशप्पथ!"

"केलंत हो मावशी. खाल्लं कुणी?"

लांगीची नजर कागदावर वर लिहिलेल्या नावावर गेली.

सिएनीच्या मातीच्या दिवशी अंगण भरलं. गावातल्या सुना स्वयंपाकाला आल्या. पाळकसाहेबांचं ताट सजलं: डुकराचं मांस, मासे, पानांच्या पुड्या. नेहमीप्रमाणे ते न्यायला लांगी उठली. दोन पावलं पुढे गेली, थांबली आणि वळून चुलीच्या झोपडीकडे चालू लागली. तिथे शेजारच्या घरची सून फेतू धुरात बसून कंद सोलत होती. तिला पाचवा महिना होता.

लांगीने ताट तिच्यासमोर ठेवलं. "खा."

फेतू घाबरून मागे सरकली. "काय हे, मावशी? हे साहेबांचं ना? आधी त्यांचं होऊ दे. परत आलं की खाईन मी."

सिएनीला शिकवलेलं वाक्य दुसऱ्या पोरीच्या तोंडून लांगीने ऐकलं. ती तिथेच राखेत बसली. पुढून घरच्या म्हाताऱ्यांची हाक आली, "लांगी, ताट कुठाय? साहेब खोळंबलेत!"

"ताट येणार नाही!" ती सगळ्या अंगणाला ऐकू जाईल एवढ्याने ओरडली. "आज नाही आणि इथून पुढेही नाही. आधी पोटुशी बाई जेवेल!"

लांगीने पानाची पुडी सोडली, घास केला आणि फेतूच्या तोंडाशी धरला. फेतूने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा घासाकडे. तिने अजून तोंड उघडलं नव्हतं आणि लांगीनेही हात खाली घेतला नव्हता.