भीष्माचं काम

पहिली काठी गोकुळाच्या खांद्यावर पडली तेव्हा सोमाजी तिच्यापासून आठ-दहा हातांवर उभा होता. दुसरी पाठीत बसली. तिसरी त्याने पाहिली नाही, कारण तोवर त्याने मान खाली घातली होती.

मान खाली घालायची त्याला सवय होती. अठरा वर्षं तो गावच्या दंडारीच्या खेळात भीष्म होत आला होता. मंडईच्या जत्रेच्या रात्री भर सभेत द्रौपदीचं लुगडं ओढलं जायचं, बाया पदर तोंडात कोंबून रडायच्या आणि सोमाजी ढिवर तागाची दाढी लावून पाटावर बसायचा. पाठांतर जमत नसे म्हणून त्याला ते काम दिलेलं. सगळ्या खेळात एकच वाक्य, "धरमाची गती मोठी बारीक हाय, पोरी." एवढं म्हणायचं आणि गप व्हायचं. लोक म्हणत, भीष्म करावा त सोमाजीनंच. कसा बसते बुवा, जसा दगडच!

यंदाची दंडार होऊन बारा दिवस झाले होते. त्या बारा दिवसांत गोवराने गावातली तीन लेकरं नेली. पहिली दोन मासे धरणाऱ्या ढिवरांची होती, तेव्हा गोवर हा रोग होता. तिसरा बापूजींचा नातू गेला आणि रोगाचा टोना झाला. बापूजी म्हणजे गावचा मालगुजार. मालगुजारी कायद्याने जाऊन तीन वर्षं झाली होती, बापूजी मात्र कुठेच गेला नव्हता. त्याने नदीपलीकडून टोना ओळखणारा जाणता आणवला. जाणत्याने सुपात तांदूळ फिरवले आणि गोकुळाचं घर दाखवलं. गोकुळा ढिवरीण, चाळिशीची विधवा, पुढे ना मागे कोणी. सुपातल्या तांदळाला अशीच बाई सापडते. चार भावांची बहीण त्याला आजवर कधी सापडलेली नाही.

साक्षीदार निघाला मुखरू. दंडारीत तोच भीम. छाती ठोकून दुःशासनाचं रक्त पिण्याची शपथ घ्यायचा तेव्हा पोरं टाळ्या पिटायची.

"म्या सोता पाह्यलं जी, बापूजी," मुखरू हातातली काठी टेकत म्हणाला. "अवसेच्या पहाटे. तलावात कमरेइतक्या पान्यात उभी, केस मोकळे, अन् काहीतरी ओढून राह्यली होती."

"काय ओढून राह्यली होती बे?"

"अंधारात दिसलं नाई. पन लेकराचा जीव नाई त काय ओढन?"

चावडीपुढची गर्दी हुंकारली.

ती काय ओढत होती हे त्या गर्दीत एकट्या सोमाजीला ठाऊक होतं. ती जाळं ओढत होती. सोमाजीचं जाळं. दुसरं टोक सोमाजीच्याच हातात होतं, बांधाच्या पाळीखालच्या काळोखात. तलाव सरकारजमा झाला होता, पण बापूजीचा माणूस पाळीवर काठी घेऊन बसायचा आणि ज्यांच्या सात पिढ्या त्या पाण्यावर जगल्या त्यांना शिंगाडाही तोडू द्यायचा नाही. म्हणून ढिवर अवसेच्या पहाटे जायचे. एरवी जाळ्याचं दुसरं टोक बायको देवकाबाई धरायची. त्या दिवशी ती तापाने फणफणली होती, म्हणून सोमाजीने शेजारच्या गोकुळाला हाक मारली. "अर्धे मासे तुले," म्हणाला. एवढाच काय तो टोना.

"मी मासे धरत होती जी," गोकुळा म्हणाली. कपाळावरचं रक्त डोळ्यात उतरत होतं, ते तिने मनगटाने पुसलं.

"एकटी?" बापूजी हसला. "तलावातलं जाळं एकटी बाई ओढते? दुसऱ्या टोकाले कोन होता मंग? भूत?"

लोकही हसले. गोकुळाने गर्दीवरून नजर फिरवली. ती सोमाजीवर आली आणि थांबली.

तीन शब्दांचं काम होतं. माह्यं जाळं होतं. भीष्माच्या वाक्याहूनही लहान. शब्द जिभेवर आलेही. पण त्यांच्यामागोमाग बाकीचं सगळं आलं. मासे चोरले म्हणून हातपाय मोडतील. ढिवरांची उरलीसुरली वाट बंद होईल, जातवाले थुंकतील. विधवेसंगं अंधारात काय करत होता, हे विचारतील ते वेगळंच. आणि बापूजी काय, दोन काठ्या मारून सोडून देईल बाईला. सोमाजीने मनाला असं समजावलं. शहाणा माणूस मनाला समजावायला लागला की समजावं, कोणाचा तरी जीव जाणार आहे.

गोकुळाने जरा वेळ वाट पाहिली. मग नजर काढून घेतली.

"कोनी नोहोतं," ती म्हणाली.

"आयकलं? कोनी नोहोतं म्हनते!" मुखरू ओरडला. "भूतच होतं!"

जाणता पुढे झाला. "दात पाडा हिचे. दात साबूत असले त मंतर साबूत निघते. बोळक्या तोंडाचा मंतर लागत नाई."

गावात माणुसकी कमी पडेल, सामान कधी कमी पडत नाही. सुगंधाबाई घरात गेली आणि पाट्यावरचा वरवंटा घेऊन आली. दंडारीत द्रौपदीसाठी सगळ्यात मोठ्याने रडलेली बाई ती हीच. शालिकरामने गोकुळाचे हात मागे ओढून धरले. बारा दिवसांपूर्वी लुगडं नेसून, हात जोडून, "अरे, या सभेत कोनी मानूस हाय का?" असा टाहो फोडणारा शालिकराम तो हाच. आता दात-ओठ खाऊन तो म्हणत होता, "मार ना बे मुखरू, हालून राह्यली थे!"

मुखरूने मारलं. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. गोकुळाचं डोकं मागे गेलं, शालिकरामच्या छातीवर आपटलं आणि पुढे आलं. तोंडातून रक्ताची धार लागली. मुखरूने पुन्हा वरवंटा उचलला.

"माह्यं जाळं होतं!"

आपलाच आवाज सोमाजीला ओळखू आला नाही. तो गर्दी फाडत पुढे आला होता. "दुसऱ्या टोकाले मी होतो जी! देवकाले ताप होता म्हून मीच नेलं हिले. टोना नाई, काई नाई. सोडा बाईले!"

मुखरूचा हात वरच राहिला. आता खरं कळलं, आता लोक लाजतील, असं सोमाजीला वाटलं. अठरा वर्षं दंडार करूनही माणूस इतका अडाणी राहू शकतो.

"काऊन रे सोमा," बापूजी हळूच म्हणाला, "मंग आतापावतर तोंडात काय मासा धरून बसला होता?"

कोणीतरी फिसकन हसलं. त्याबरोबर सगळेच हसले. हसू थांबल्यावर बापूजीचा चेहरा पालटला.

"म्हंजे माह्या तलावात चोरी? अन् माह्या तोंडावर सांगते?"

शालिकरामने गोकुळाचे हात सोडले, कारण आता सोमाजीला धरायचं होतं. गोकुळा होती तिथेच मातीत बसली. तिच्याकडे पुन्हा कोणी पाहिलं नाही. टोना खोटा निघाला म्हणून कोणाचं काही अडलं नाही, लोकांना मारायला माणूस हवा होता, तो मिळाला. मुखरूने वरवंटा सोमाजीच्या उजव्या हाताच्या बोटांवर घातला. लाथांनी दोन बरगड्या गेल्या. जाणत्याने सुपातले तांदूळ धोतरात बांधले आणि नदीची वाट धरली. जेवणवेळ झाली तसे लोक घरोघर गेले.

देवकाबाईने नवऱ्याला खांद्यावर टाकून घरी आणलं. बोटांना हळद बांधली. शेवटी म्हणाली, "पह्यल्या काठीलेच बोलला असता त?"

सोमाजीने आढ्याकडे पाहत विचारलं, "तिचं कसं हाय?"

"कसं राहीन? दोन दात मातीत पडले होते. म्या धुऊन नेऊन देल्ले. आनखी काय करू?"

दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आली तेव्हा बाहेर पावलं वाजली. देवकाबाई दारात गेली. डोक्यावर गाठोडं घेऊन गोकुळा अंगणात उभी होती. अर्धा चेहरा सुजून काळानिळा पडला होता.

"ये ना व बाई, बस. पेज त पिऊन जा," देवकाबाई म्हणाली.

गोकुळाने कमरेची पुरचुंडी सोडली.

झाडीपट्टीत पोराचा दुधाचा दात पडला की तो घराच्या छपरावर, कवेलूंवर फेकतात. नवा येतो म्हणून.

आत बाजेवर पडलेल्या सोमाजीला वर कवेलूवर टक् असा आवाज आला. काहीतरी बारीक गडगडत वळचणीपर्यंत गेलं आणि अंगणात पडलं. थोड्या वेळाने पुन्हा टक् झालं. हा दुसरा खाली आला नाही, त्याच्या डोक्यावरच कुठेतरी दोन कवेलूंच्या मध्ये अडकला.

मग पावलं नदीच्या रस्त्याला लागली.